वारूळ, आवा आणि हजेरीची वही

२०२४च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ आला. वन खात्याच्या कॅमेऱ्यात त्याचे छायाचित्र उमटले, तरी सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. आमच्या धाराशिव जिल्ह्यात लांडगे आहेत, बिबट्याची आवई अधूनमधून उठते. पण वाघ पाहिल्याचे माझ्या पिढीतल्या कुणाला आठवत नव्हते. हा पाहुणा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलातून साडेचारशे-पाचशे किलोमीटरची मजल मारून इथवर आला होता. पुढे त्याने गुरे मारायला सुरुवात केली. त्याला पकडायला ताडोब्याहून पथक आले आणि तो आठवडेच्या आठवडे त्यांना हुलकावण्या देत राहिला.

त्या दिवसांत येडशीच्या एका हॉटेलात चहा घेत असताना शेजारच्या बाकावरचे बोलणे कानावर पडले. ज्याची कालवड वाघाने नेली होती तोच शेतकरी म्हणत होता, "वाघाचा काय गुन्हा त्यात? त्याची जातच ती." त्यावर दुसरा म्हणाला, "मग पारध्याची न्हाई का?" बाकावरचे सगळे हसले. मी हसलो नाही असे म्हणवत नाही. ओठ हलले होतेच. घरी आल्यावर मात्र ती दोन वाक्ये डोक्यातून जाईनात. आपल्या भाषेत 'जात' हा शब्द वाघालाही लागतो आणि माणसालाही. आंब्याची जात असते, बैलाची असते, विंचवाची असते आणि शेजाऱ्याचीही असते. एकाच शब्दाने आपण प्राण्याचा स्वभाव सांगतो आणि माणसाचा जन्मही.

चाळीस वर्षे इतिहास शिकवल्यावर निवृत्तीनंतर मी या जिल्ह्यातली जुनी कागदपत्रे, कथा आणि दगड वाचत हिंडतो. माणूस जनावराहून वेगळा कशाने, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा समजला जातो. पण त्याचे उत्तर माणसांनी वेळोवेळी कसे दिले आणि त्या उत्तराचे परिणाम कुणाला भोगावे लागले, हा इतिहासाचाच विषय आहे. त्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. धाराशिव, तेर आणि नळदुर्ग ही तीन ठिकाणे पुरेशी आहेत.

सरकती सीमा

ही सीमा आखण्याचे प्रयत्न जुने आहेत. खाणे, झोपणे, भिणे आणि प्रजा वाढवणे या चार गोष्टी पशूंत आणि माणसांत सारख्याच. धर्म तेवढा माणसाकडे जास्तीचा, असे आपल्याकडचे एक सुभाषित सांगते. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने बोलण्याची आणि विचाराची शक्ती ही माणसाची खूण मानली. पुढे युरोपात 'हत्यार बनवणारा प्राणी' ही व्याख्या रूढ झाली.

तिला १९६० साली धक्का बसला. आजच्या टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात जेन गुडॉल या तरुण संशोधिकेने एक चिंपांझी वारुळाशी बसलेला पाहिला. तो गवताची काडी वारुळाच्या भोकात घालत होता, तिला चिकटलेली वाळवी खात होता, आणि पाने ओरबाडून डहाळीची काडी तयारही करत होता. तिचे मार्गदर्शक लुई लीकी यांनी त्यावर कळवले की आता एक तर हत्याराची व्याख्या बदला, नाही तर माणसाची. नाही तर चिंपांझीला माणूस म्हणा. त्यानंतर हत्तीची पाळी आली. २००६ साली न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका आशियाई हत्तिणीने आरशातले रूप आपलेच आहे हे ओळखल्याचे सिद्ध झाले. भाषा, स्मृती, शोक, सहकार्य अशी एकेक खूण माणसाने आपल्या नावावर लावली आणि कुठला ना कुठला प्राणी तिच्यावर हक्क सांगत आला.

असे असेल तर सीमा मुळातच खोटी आहे का? मला तसे वाटत नाही. ती आपण चुकीच्या जागी शोधत आलो, असे मात्र वाटते. आणि वारुळाशी बसलेल्या प्राण्याची गोष्ट आमच्या जिल्ह्याला गोम्बेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

वारुळाची पूजा करणारा हत्ती

धाराशिव शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगरात लेणी आहेत. जेम्स बर्जेसने १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात त्यांची दखल घेतली. मोठ्या लेण्याचा सभामंडप साधारण ऐंशी फूट लांब आणि तितकाच रुंद आहे, आणि त्याची आखणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी जुळते. ही लेणी मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो मिटवण्याचा माझा अधिकार नाही. आपल्या विषयासाठी या लेण्यांशी जोडलेली कथा महत्त्वाची आहे.

अकराव्या शतकाच्या सुमाराचा 'करकंडचरिउ' हा मुनी कनकामरांचा अपभ्रंश भाषेतला ग्रंथ. डॉ. हिरालाल जैन यांनी तो संपादित केला आणि १९३४ साली कारंजा जैन ग्रंथमालेतून तो प्रसिद्ध झाला. कथानायक करकंडू हा राजा जैन आणि बौद्ध दोन्ही परंपरांना ठाऊक आहे. बौद्धांच्या 'कुंभकार जातका'तही तो येतो. दक्षिणेच्या स्वारीवर असताना करकंडूचा तळ तेरापूरला पडतो. तिथल्या डोंगरात लेणे आहे आणि वर माथ्यावर एक वारूळ आहे, असे त्याला कळते. या वारुळाशी एक रानहत्ती येतो, सोंडेतून पाणी आणतो, वारुळावर शिंपडतो, कमळ वाहतो आणि निघून जातो. राजा विचार करतो की ज्याची हत्ती पूजा करतो ते नुसते मातीचे ढेकूळ नसणार. वारूळ खणल्यावर आत पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. हा हत्ती पूर्वजन्मी विद्याधर होता, आपल्याच दोषाने तो पशुयोनीत आला, असा उलगडा पुढे होतो.

इथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की पूजा, म्हणजे सुभाषितकाराने माणसासाठी राखून ठेवलेला तो 'धर्म', या कथेत हत्ती करतो, आणि तीही माणसांच्या आधी. राजा हत्तीकडून शिकतो. दुसरी गोष्ट याहून मोलाची. जैन विचारात देव, मनुष्य, तिर्यंच आणि नारकी अशा चार गती सांगितल्या आहेत. पशू हे तिर्यंच. पण यांतली कुठलीच गती कायमची नाही. हत्तीचे शरीर हा त्या जिवाच्या करणीचा परिणाम आहे. आणि पुन्हा करणीनेच तो त्यातून बाहेर पडू शकतो. कनकामर मुनींनी पशूकडेही बघितले ते त्याच्या कृतीवरून. हत्ती आहे म्हणून त्याला वारुळापासून हाकलून दिले नाही.

हा विचार आजच्या प्राणिशास्त्राच्या कसोटीवर उतरेल असा माझा दावा नाही. पूर्वजन्माच्या कल्पनेचा दुरुपयोग करून माणसांनाच हीन ठरवल्याची उदाहरणे आपल्या समाजात भरपूर आहेत. माझे म्हणणे एवढेच की हजार वर्षांपूर्वी या डोंगराविषयी लिहिणाऱ्या कवीला पशू आणि माणूस यांच्यामधली भिंत दुर्लंघ्य वाटली नाही. पशूचीही बाजू ऐकून घ्यावी असे त्याला वाटले.

गोरोबाकाकांचे हात

डोंगर उतरून आता तेरला येऊ. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये इथून भडोचच्या बंदराकडे गाड्या भरभरून कापड जात असल्याची नोंद आहे. १९०१ साली फ्लीटने तगर म्हणजेच तेर, असे दाखवून दिले. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले तिथले शासकीय संग्रहालय मी अनेकदा पाहिले आहे. मातीची माणसे आणि मातीची जनावरे तिथे एकाच छताखाली आहेत. माती एकच, भाजणाराही बहुधा एकच.

याच गावी तेराव्या शतकात गोरोबा कुंभार झाले. त्यांची कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे आणि महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'तही ती आहे. बायको पाण्याला गेलेली. गोरोबा चिखल तुडवत भजनात रंगलेले. तान्हे मूल रांगत चिखलात आले आणि बापाच्या पायाखाली तुडवले गेले. बापाला कळलेही नाही.

कीर्तनात ही कथा भक्तीच्या तल्लीनतेचा दाखला म्हणून सांगतात. मी लहानपणापासून ती तशीच ऐकली. वय वाढले तसा माझा जीव या कथेच्या उत्तरार्धात अडकू लागला. बायको परत येते आणि आक्रोश करते. कथा तो आक्रोश झाकत नाही. नवऱ्याच्या भक्तीचे कौतुक करायला ती तयार नाही. ती जाब विचारते. भांडण विकोपाला जाते आणि ती विठ्ठलाची शपथ घालते की मला शिवायचे नाही. गोरोबा ती शपथ पाळतात. वंश खुंटू नये म्हणून ती आपल्या बहिणीचे लग्न त्यांच्याशी लावून देते. सासरा बजावतो की दोघींना सारखेच वागवा. म्हणून गोरोबा दोघींनाही शिवत नाहीत. शेवटी एका रात्री ते झोपेत असताना दोघी त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवून घेतात. जाग आल्यावर शपथ मोडली म्हणून गोरोबा स्वतःचे हात तोडून टाकतात. पुढे नामदेवांच्या कीर्तनात हातही परत येतात आणि मूलही, असा शेवट आहे.

चमत्कार बाजूला ठेवून कथेची रचना पाहिली, तर ती दोनदा एकच गोष्ट सांगते. मूल तुडवले गेले ते नकळत. शपथ मोडली तीही नकळत, झोपेत. आणि दोन्ही वेळा 'मला ठाऊक नव्हते' ही सबब चालत नाही. पहिल्या वेळी बायको ती मान्य करत नाही, दुसऱ्या वेळी गोरोबा स्वतःच. गोरोबांच्या जागी बैल असता तर? चिखलात बैलाच्या खुराखाली मूल आले असते, तर आईने टाहो फोडला असता, पण बैलाला जाब विचारला नसता.

विचारला जातो, असे कुणी म्हणेल, आणि त्याला इतिहासात आधार आहे. मध्ययुगीन युरोपात जनावरांवर रीतसर खटले चालत. फ्रान्समधल्या फालेझ गावी १३८६ साली तान्ह्या मुलाला मारल्याबद्दल एका डुकरिणीवर खटला चालला आणि तिला जाहीर फाशी दिले गेले. आज आपल्याला हसू येते. का येते, याचा मात्र विचार करावा. डुकरिणीला शिक्षा करता येते, वेदना देता येतात. पण ती जबाब देऊ शकत नाही. 'मी असे का केले', 'मी करायला नको होते', 'मी भरपाई करीन' ही तीन वाक्ये तिच्याकडे नाहीत. हत्ती पूजा करील, चिंपांझी काडी तासेल, वाघ पाचशे किलोमीटरची वाट काढील; पण आपल्या कृतीचा हिशोब दुसऱ्यासमोर मांडणे, तोही नकळत घडलेल्या कृतीचा, हे ओझे मला माणसाच्याच खांद्यावर दिसते. हत्यारे आणि भाषा यांची मालकी कुणाकडेही जावो.

गोरोबांची दुसरी कथा याला पूरक आहे. संतमेळ्यात मुक्ताबाई गोरोबांना म्हणतात की तुम्ही मडकी पारखता, आमच्यात कच्चे कोण ते सांगा. गोरोबा थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. बाकीचे निमूट सोसतात; नामदेव चिडतात आणि कच्चे ठरतात. पुढे ते विसोबा खेचरांकडे जातात आणि पक्के होतात. कुंभाराच्या धंद्यातले एक साधे सत्य या कथेच्या मुळाशी आहे. आवा कितीही चांगला लागला, तरी त्यातून निघालेले प्रत्येक मडके वेगळे वाजवून पाहावे लागते. अमक्या आव्यातले म्हणून पक्के, तमक्या आव्यातले म्हणून फुटके, असे ठरवणारा कुंभार उपाशी मरेल. आणि कच्चे निघालेले माणूस कायमचे कच्चे राहत नाही, हेही त्या कथेत आहे.

नळदुर्ग ते हजेरी

आता नळदुर्गला जाऊ, कारण संपूर्ण आवाच फुटका ठरवण्याची कल्पना कायद्यात कशी आली, याचा एक धागा तिथून जातो. १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला. तो १८६० साली परत मिळाला. या मधल्या काळात, १८५३ ते १८५७, नळदुर्गचा कारभार पाहिला तो कॅप्टन फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याने. मराठी माणसांवर त्याचा लोभ होता. तुळजापूर परिसरात घडणारी त्याची 'तारा' ही कादंबरी १८६३ साली आली. पण त्याचे नाव जगात झाले होते ते १८३९च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीमुळे. प्रवाशांचा गळा आवळणारा, भवानीचा भक्त ठग ही प्रतिमा युरोपभर पसरवण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा होता.

ठगांनी खून केले यात वाद नाही. इथे लक्षात घ्यायचा तो त्यांच्याविरुद्ध झालेला १८३६चा तिसावा कायदा. अमक्याने अमका खून केला, हे सिद्ध करण्याची गरज या कायद्याने ठेवली नाही. तो ठगांच्या टोळीतला आहे किंवा कधी काळी होता, एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. कृती मागे पडली आणि नाते पुढे आले. १८७१च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टने पुढचे पाऊल टाकले. टोळीत माणूस निदान स्वतः सामील होतो. जमातीत तो जन्माला येतो. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्या लोकांची नोंदवही, हजेरी आणि परवान्याशिवाय हिंडण्यास बंदी सुरू होई. या घोषणेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याची सोय नव्हती. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, या धर्तीचा युक्तिवाद त्यामागे होता. म्हणजे आपलीच जातिव्यवस्था पुरावा म्हणून पुढे करण्यात आली. १९११च्या कायद्याने हे जाळे मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरले. निजामाच्या राज्यातही याच धर्तीचा कायदा होता. शेजारच्या सोलापुरात काटेरी तारांच्या आतली 'सेटलमेंट' उभी राहिली. तिथल्या वस्त्यांच्या पत्त्यात 'सेटलमेंट' हा शब्द आजही आहे.

याच काळात सरकार आणखी एक नोंद ठेवत होते. वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्याला डोक्यामागे इनाम मिळे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखांवर बिबटे आणि दोन लाख लांडगे इनामासाठी मारले गेले, असे इतिहासकार महेश रंगराजन यांनी दाखवले आहे. या लांडग्याने कुणाचे मेंढरू उचलले का, हे इनाम देताना कुणी विचारत नसे. लांडगा असणे पुरेसे होते. या दोन नोंदी मी शेजारी ठेवतो तेव्हा मला एकच मन काम करताना दिसते. 'त्याची जातच ती' या वाक्याला एका बाजूला इनामाचे आणि दुसऱ्या बाजूला हजेरीचे रूप आले.

यात एक क्रूर योगायोगही आहे. पारधी हे नावच पारधेवरून आलेले. फासेपारधी फास्यात तित्तर धरत, तित्तराचा हुबेहूब आवाज काढून त्याला बोलावत. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून काळविटाला गाठत. चित्तेवाले पारधी चित्ता माणसाळवून त्याच्याकडून शिकार करवून घेत. जनावराच्या मनाची एवढी बारीक ओळख असलेला दुसरा समाज आपल्याकडे नसेल. जनावराला सर्वांत जास्त ओळखणाऱ्या माणसांनाच कायद्याने जनावरांच्या रकान्यात ढकलले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि शंभरावर जमाती 'विमुक्त' झाल्या. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो व्यक्तीसाठी होता. पण संशयाची सवय जुन्याच पालांकडे वळत राहिली. ही सवय आतून कशी दिसते, हे लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या'त १९८७ साली लिहिले. त्यांचे धनेगाव लातूर तालुक्यातले, आणि लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. म्हणजे ते पुस्तक आमच्या जिल्ह्याचाही इतिहास आहे. २००८ साली अहवाल देणाऱ्या बाळकृष्ण रेणके आयोगालाही हाच संशय देशभर जिवंत आढळला.

आमचा गोठा

इथपर्यंतचे सगळे ग्रंथालयात बसून लिहिता येते. पुढचे मला माझ्या घरातून लिहायचे आहे.

माझे आजोबा कळंब तालुक्यातल्या आमच्या गावचे पोलीस पाटील. निजामाच्या काळात माळावर पाल टाकणाऱ्या पारध्यांची हजेरी आपण घेत असू, असे ते सांगत. त्यांच्या पश्चात लाकडी पेटीत त्यांची एक वही सापडली. सरकारी नव्हे, घरगुती; मोडीत लिहिलेली. नाव, बापाचे नाव, आला, नाही आला. पानेच्या पाने अशी आहेत. मी मोडी शिकलेला असल्याने ती अक्षर न अक्षर वाचली. गुन्हा लिहायला तीत रकानाच नाही.

१९६२ साल असावे; मी नऊ वर्षांचा होतो. कायदा रद्द होऊन दहा वर्षे झाली होती. आमच्या पेवातली दोन पोती ज्वारी गेली. गावाबाहेर पारध्यांची चार पाले उतरली होती. तिथून एका माणसाला धरून आणले आणि आमच्या गोठ्यात बैलांच्या दावणीला दाव्याने बांधून ठेवले. रात्री आजीने मला कंदील देऊन गोठ्यात वैरण टाकायला पाठवले. तो म्हणाला, "बाळ, पाणी." घरातला तांब्या त्याला द्यायचा नाही, एवढे मला त्या वयात कळत होते. मी बैलांची बादली पुढे सरकवली. त्याचे हात मागे बांधलेले होते. त्याने बादलीला तोंड लावले. शेजारी बैल रवंथ करत उभा होता. दुसऱ्या दिवशी आजीने ती बादली राखेने घासली. बैलांसाठी.

तिसऱ्या दिवशी ज्वारी आमच्याच भावकीत सापडली. प्रकरण घरातल्या घरात मिटले. त्या माणसाला सोडून दिले, पायलीभर ज्वारीही दिली. मी आजोबांना विचारले, "आबा, त्येनं चोरली न्हाई, हे त्येला सांगितलं का?" आजोबा चिडले नाहीत. मीच काही खुळ्यासारखे विचारले, अशा सुरात म्हणाले, "जनावराला सांगतंय का कुणी?"

आजोबा दुष्ट नव्हते. दुष्काळात त्यांनी गावाला धान्य वाटले, आजारी बैलाजवळ रात्र रात्र बसून काढली. म्हणून तर ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. दावणीला बांधलेल्या माणसाच्या बोलण्यात, समजण्यात, हात-पाय-चेहऱ्यात काही कमी आहे असे त्यांना वाटत नव्हते. त्याच्याशी ते त्याच्याच बोलीतले दोन शब्द बोलत. त्याला जनावर ठरवले ते दोन गोष्टींनी. आधी त्याने काय केले ते न पाहता तो कोण आहे ते पाहिले गेले. आणि चूक उघड झाल्यावर त्याला जबाब देणे कुणाला आपले काम वाटले नाही. एकाच रात्री, एकाच गोठ्यात, माणूस असण्याच्या दोन्ही खुणा पुसल्या गेल्या. पहिली त्याच्या बाजूची आणि दुसरी आमच्या.

तेरच्या कुंभाराला झोपेत मोडलेल्या शपथेचाही जाब द्यावासा वाटला. आम्ही जागे होतो.

राहिलेले उत्तर

माणूस जनावराहून वेगळा कशाने, या प्रश्नाला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे उत्तर तात्पुरते आहे. माणूस आपल्या कृतीचा जबाब देतो आणि दुसऱ्या माणसाला त्याच्या कृतीवरून पारखतो; ही दोन्ही कामे त्याला रोज नव्याने करावी लागतात. ती सोडली की सीमा पुसली जाते, आणि पुसली जाते ती आपल्या बाजूने. म्हणून वाघाला 'त्याची जातच ती' म्हणणे हा समजूतदारपणा आहे. माणसाविषयी तेच म्हणणे म्हणजे मडके न वाजवता आवा फोडणे. येडशीच्या हॉटेलातली ती दोन वाक्ये एकाच चालीची असली, तरी त्यांच्यामध्ये एवढे अंतर आहे.

तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत १९९३ सालापासून पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांसाठी निवासी शाळा आहे. तिथे आणि इतरत्र शिकलेली मुले आता पदवीधर होऊन नोकरीत, पोलिसांतही आहेत. हा अंक त्यांच्यापैकी कुणाच्या हाती पडेल. ही हकिकत छापल्याने माझी भावकी नाराज होईल, हे मला ठाऊक आहे. पण जे आजोबांनी सांगितले नाही, आणि त्यांच्यानंतर साठ वर्षे मीही सांगितले नाही, ते सांगायला आता दुसरी जागा उरलेली नाही. ती पाले आठवडाभरात उठून गेली. त्या माणसाचे नाव वहीतल्या नावांपैकी कुठले, की वहीनंतरचे, हे मला ओळखता येत नाही. त्याचे कुणी नातवंड हे वाचत असेल, तर त्याच्या आजोबांना सांगायचे राहून गेलेले वाक्य मी इथे लिहून ठेवतो.

ज्वारी तुम्ही घेतली नव्हती. आम्हांला ते तिसऱ्या दिवशीच कळले होते.